दोष ॲल्युमिनियमचा

१ डिसेंबर, रविवार. सकाळ.

बोरीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. थंडी मस्त. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणीच्या बाया शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, शेकत बसलेल्या. माझ्या वयाचा दुसरा माणूस दारव्ह्यात अशी राईड मारत असेल असं वाटत नाही. पन्नाशी ओलांडली हे सांगितल्याशिवाय कोणाला कळत नाही.

परतीच्या चढावर छातीत दाटून आलं. डाव्या हाताला मुंग्या. उतरलो, पाणी प्यालो, थोडा वेळ उभा राहिलो. मुंग्या गेल्या.

दिवाळीपासून हे अधूनमधून चालू आहे. दुर्लक्ष करणाऱ्यांतला मी नाही. घरी येऊन आंघोळीआधी नेटवर बसलो आणि कारण शोधून काढलं. माझी सायकल ॲल्युमिनियमची आहे. ॲल्युमिनियम म्हणजे ताठ धातू. रस्त्याचा दणका पोटात ठेवत नाही, पुढे पाठवतो. चाकातून फ्रेममध्ये, फ्रेममधून हँडलमध्ये, हँडलमधून हातात, हातातून छातीत. इतकी सरळ गोष्ट.

शीलाला समजावून सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, डॉक्टरले दाखवा. मी म्हणालो, सायकलच्या डॉक्टरला दाखवतो. ती हसली नाही. माझ्या बायकोला विनोद उशिरा कळतो.

३ डिसेंबर, मंगळवार.

दुकानात सामसूम. हरभऱ्याचं बियाणं गेलं, खत गेलं. आता जूनपर्यंत कृषी केंद्रात गिऱ्हाईक कमी आणि गप्पा मारणारे जास्त. या मोकळ्या वेळात फ्रेमच्या धातूंचा पद्धतशीर अभ्यास करायचं ठरवलं. भावनेच्या भरात निर्णय नाही.

आज कार्बन वाचलं. वजनाला काहीच नाही, दणका गिळून टाकतं. पण आतून तडकलं तर वरून दिसत नाही म्हणतात. रंग तसाच, चमक तशीच. आणि मग एक दिवस चालता चालता मोडतं. असली भरवशाची नसलेली वस्तू आपल्याला नको.

स्टीलचं तसं नाही. स्टील आधी सांगतं. कुरकुरतं, वाकतं, रंगाला बारीक रेघ येते. ज्याला डोळे आहेत त्याला महिनाभर आधी कळतं. जड असतं, गंजतं, पण माणसाला सांभाळून घेतं. क्रोमोली नावाचं स्टील असतं, त्याची नळी टोकाला जाड आणि मधे पातळ करतात. ती मधे थोडी लवते. म्हणजे दणका तिथेच जिरतो. छातीपर्यंत काही यायचंच कारण नाही.

पोटात गॅस वाटला म्हणून सोड्याची पुडी घेतली. बरं वाटलं. किंवा आपोआप बरं झालं. दोन्ही एकच.

८ डिसेंबर, रविवार.

प्रफुल्लशी बोललो. प्रफुल्ल कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबाला आहे. आमच्या सायकल ग्रुपचा ॲडमिन. ग्रुपमध्ये आम्ही सातजण आहोत, रस्त्यावर बहुधा दोघं. त्याची सायकल कार्बनची, त्यामुळे कार्बनबद्दल मी त्याच्यासमोर बोललो नाही.

तो म्हणाला, भाऊ, आरामाचं फ्रेमवर फार नसते, टायरवर असते. तुम्ही हवा खच्चून भरता. रुंद टायर टाका, हवा कमी ठेवा, सीट जराशी मागं घ्या. पाहा मग.

त्याचं मन राखायला सगळं केलं. टायर रुंद टाकला. हवा कमी. आज राईड मारली तर सायकल खरंच गादीसारखी. आणि त्याच चढावर, त्याच जागी, छातीत तेच. उलट थोडं लवकर.

यावरून सिद्ध झालं की टायरचा संबंध नाही. राहिली फ्रेम. याला शास्त्रीय पद्धत म्हणतात.

प्रफुल्लला सांगितलं. म्हणाला, भाऊ, तुम्हाले एवढा घाम काहून आला, मी तर स्वेटर घालून आहो. मी म्हणालो, व्यायाम केला की घाम येतोच, तू नीट पेडल मारत नाहीस.

१३ डिसेंबर, शुक्रवार.

आमच्या घराचा जिना चुकलेला आहे. खाली दुकान, वर घर, बांधून बारा वर्षं झाली आणि हे आज लक्षात आलं. पायऱ्या प्रमाणापेक्षा उंच आहेत. गवंड्याने काहीतरी घोळ केला. मधल्या वळणावर थांबावं लागतं. तिथे मी शीलाची तुळस बघतो. तुळस छान वाढली आहे.

शीला वरून म्हणाली, आजकाल तुळशीवर लय जीव आला तुमचा.

१९ डिसेंबर, गुरुवार.

दाढ दुखते. खालची, डावीकडची. नेहमी नाही, चालताना. बसलं की राहते. दाताच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने आरसा घालून बघितलं, ठोकून बघितलं, फोटो काढला. म्हणाला, दाढ चांगली आहे, मी काही काढणार नाही. मग विचारलं, चालतानाच दुखते का. मी हो म्हणालो. त्याने हातमोजे काढले आणि म्हणाला, तुम्ही फिजिशियनला भेटा, आजच भेटा.

दाताच्या डॉक्टरला दात समजत नाही म्हटल्यावर पुढे काय बोलायचं. उद्यापासून लवंग.

२८ डिसेंबर, शनिवार.

उज्ज्वला सुट्टीला आली. मुलगी यवतमाळला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. शीलाने तिच्या कानात सगळं भरून ठेवलेलं. जेवताना पोरीने उलटतपासणी घेतली. जिना चढताना होते का. हाताले मुंग्या कुठपर्यंत येतात. थांबलं की जाते का. घाम थंड असते का.

सगळे प्रश्न कोर्समधले. एकाही प्रश्नात सायकलचा उल्लेख नाही. मी तिला दणक्याचा मार्ग ताटात बोटाने काढून दाखवला, वरणात. ती म्हणाली, बाबा, वरण सोडा, ईसीजी काढा. नंतर स्वतःच फोन लावून सोमवारची, म्हणजे सहा तारखेची, वेळ घेतली. वर म्हणाली, त्या दिवशी ड्युटी आहे, नाहीतर मीच धरून नेलं असतं.

पोरगी हुशार आहे. पण शिकणाऱ्या माणसाला जिकडेतिकडे रोगच दिसतात.

६ जानेवारी, सोमवार. यवतमाळ.

हे यवतमाळच्या बसस्टँडवर बसून लिहितो आहे.

ईसीजीला निघालो होतो, मनापासून. पण वाटेत आठवलं की इथल्या एका गृहस्थांकडे जुनी स्टीलची रोड बाईक आहे, ग्रुपवर फोटो होता. वामनराव. रिटायर्ड इंजिनिअर. म्हटलं आधी दहा मिनिटं तिथे. त्यांनी सायकल बाहेर काढली. नळ्या बारीक, जोडांवर नक्षीदार खोबण्या, हँडल खाली वळलेलं, वय माझ्या पोरीपेक्षा जास्त. बसून त्यांच्या गल्लीत एक चक्कर मारली. काय सांगावं. खड्ड्यातून गेली तर खड्डा ऐकू आला, लागला नाही.

वामनरावांनी चहा पाजला. बोलता बोलता मापं, जिऑमेट्री, सगळं निघालं. आरामाची फ्रेम म्हणजे पुढचा भाग उंच, लांबी कमी, माणूस ओणवा होत नाही, असं बरंच. ईसीजीची वेळ टळून गेली.

उज्ज्वलाचा मेसेज आला, झालं का. मी लिहिलं, गर्दी होती, पुढच्या आठवड्यात बोलावलं. यात खोटं फारसं नाही. दवाखान्यात गर्दी असतेच.

निर्णय झाला. स्टील.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

पुण्याला एक माणूस ऑर्डरप्रमाणे स्टीलची फ्रेम बनवून देतो. त्याला मापं पाहिजेत. पायाची आतून लांबी, हाताची लांबी, धडाची लांबी. शीलाने ब्लाउज शिवायची टेप आणली. तिळगुळाच्या हाताने मापं घेतली, टेप चिकट झाली.

धडाचं माप घेताना तिचा हात माझ्या छातीवर राहिला. काढेचना. मी म्हणालो, आकडा सांग. ती म्हणाली, केवढं धडधडून राह्यलं, तुम्ही तर उभेच आहा. मी म्हणालो, नवीन सायकलचा आनंद आहे. ती म्हणाली, आनंद असा नसते.

मग तिने आकडा सांगितला. तो आधी घेतलेल्यापेक्षा वेगळा आला. पुन्हा घ्यायला सांगितलं तर आत निघून गेली.

१७ जानेवारी, शुक्रवार.

पुण्याच्या फ्रेमवाल्याशी फोनवर बोललो. त्याने विचारलं, आराम पाहिजे म्हणजे नेमकं काय, कुठे दुखतं. मी सविस्तर सांगितलं. छाती, डावा हात, डावी दाढ, कधी खांद्याच्या पाठीमागे. चढावर जास्त.

मग तो म्हणाला, दादा, लोकांची पाठ दुखते, मनगट दुखतं, मान दुखते. दाढ दुखते म्हणणारे तुम्ही पहिले. फ्रेम मी देईन, पण तुम्ही आधी तब्येत दाखवून घ्या, फ्रेम कुठे पळून जात नाही.

धंदा करायची तयारी नसलेली माणसं. मी म्हणालो, तब्येत दाखवली आहे. ऑर्डर घेतली त्याने. गडद हिरवा रंग सांगितला.

५ फेब्रुवारी, बुधवार.

ठराव केला होता की स्टील येईपर्यंत ॲल्युमिनियमवर बसायचं नाही. कडक पाळला. तीन आठवडे सायकल बंद. आणि छातीत जवळपास काही नाही. याहून मोठा पुरावा काय पाहिजे. सायकल बंद, दणका बंद, दुखणं बंद.

जिन्यावर होतं. पण तो जिन्याचा दोष.

काल खताची गोणी सरकवताना डोळ्यांपुढे अंधारी आली. उपाशी होतो. पावणेदोनलाच जेवलो होतो तसा, पण हलकं.

१५ फेब्रुवारी, शनिवार. तांडा.

सेवालाल महाराजांची जयंती. आम्ही सगळे तांड्यावर, आईवडिलांकडे. भोग लागला, लापसीचा वास, नगारा. बापूंनी, म्हणजे रूपसिंग, माझे वडील, नवं पागोटं घातलं होतं. ऐंशीच्या घरात आहेत आणि अजून वैरणीचा भारा सायकलला बांधून शेतातून आणतात. काळी, दांडीची, जुनी सायकल. लोखंडी. मी शीलाला हळूच म्हणालो, बघ, बापू स्टीलवर आहेत, छातीत कधी काही नाही. शीला म्हणाली, बापू बिडी पण नाही पीत अन् रागावत पण नाही.

मी बिडी पीत नाही. सिगारेट सोडून सहा वर्षं झाली, दुकानातल्या एखाद दुसरीचा अपवाद.

दुपारी ओट्यावर बसलो होतो. खांदा भरून आला होता म्हणून उजव्या हाताने डावा खांदा दाबत होतो. सहज. याडी, म्हणजे माझी आई भुरीबाई, समोर तांदूळ निवडत होती. भुरीबाई म्हणजे दिवसभर बोलणारी बाई. ती एकदम गप्प झाली. सूप तसंच मांडीवर. माझ्या हाताकडे बघत राहिली. मग आमच्या गोरमाटी बोलीत एवढंच म्हणाली, तू पण का.

मला कळलं तिला काय आठवलं ते. लखनभिया. माझा मोठा भाऊ. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये तोही असाच खांदा दाबत बसायचा. फवारणीच्या पंपाचा पट्टा रुततो म्हणायचा. पट्ट्याला कापड गुंडाळलं, मग पट्टा बदलला, मग नवा हलका पंप माझ्याच दुकानातून नेला. चांगला पंप. पोळ्याच्या आधी तो तुरीच्या ओळीत सापडला, पंप पाठीवरच होता.

ऊन लागलं असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. ढगाळ दिवस होता. पण दमट ऊन जास्त लागतं.

त्याची गोष्ट वेगळी होती. तो शेतात राबायचा. शिवाय पंप प्लास्टिकचा होता, त्यात धातूचा प्रश्नच नाही.

मी याडीला सांगितलं, सायकलमुळे आहे, नवीन येत आहे. तिने सूप बाजूला ठेवलं आणि घरात गेली. संध्याकाळी निघताना बापू जीपपर्यंत आले. माझ्या पाठीवर हात ठेवून चालले, अख्खी वाट.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

आली. ट्रान्सपोर्टवरून खोकं आणलं. प्रफुल्लने संध्याकाळी येऊन जोडून दिली. गडद हिरवी, बारीक नळ्या. नखाने टिचकी मारली की घंटेसारखा आवाज येतो. ॲल्युमिनियमवर टिचकी मारली तर डब्यासारखा येतो. फरक इथेच कळतो.

प्रफुल्ल चाक बसवता बसवता म्हणाला, भाऊ, एक बोलू का, मले तुमच्यासोबत रविवारी जाताना भेव वाटते. मी म्हणालो, आता स्टील आहे, आता कायचं भेव. तो खाली बघून नट आवळत राहिला.

शीलाने हळदकुंकू लावलं. डोळे पुसले. मला वाटलं आनंदाने.

२३ फेब्रुवारी, रविवार.

ऐतिहासिक दिवस. बोरीपर्यंत गेलो. छातीत काहीही नाही. पुन्हा लिहितो, काहीही नाही. सायकल अशी चालली जसा बैलगाडीच्या चाकोरीतून रबराचा चेंडू. मागून वारा होता हे खरं, आणि तिकडे जाताना उतार आहे हेही खरं. पण वारा आणि उतार ॲल्युमिनियमच्या वेळीही होतेच की.

परत येताना ओळखीची तुरीची पिकअप भेटली. सायकल मागे टाकली, पुढे बसून आलो. पहिल्याच दिवशी नवीन फ्रेमवर चढाचा ताण टाकू नये असं माझं मत.

शीलाला म्हणालो, बघितलंस. तिने विचारलं, चढ चढले का. मी म्हणालो, मुद्दा तो नाही.

ठराव: पुढच्या रविवारी थेट यवतमाळ. उज्ज्वलाच्या होस्टेलच्या गेटवर जाऊन उभा राहतो. तिच्या ईसीजीला तेच उत्तर.

२ मार्च, रविवार.

निघालो उजाडता. प्रफुल्ल सोबत. ऊन लवकर तापायला लागलं आहे. पळस पेटलेले.

लाडखेडच्या अलीकडे नवीन सिमेंटचा रोड आहे. आरशासारखा. एक खड्डा नाही. फ्रेम स्टीलची. टायर रुंद. हवा कमी. हातात जेलचे मोजे. वारा नाही. चढ तर म्हणण्यासारखा नाही.

तिथे आलं.

आतापर्यंत आलं त्यापेक्षा मोठं. कोणी छातीवर गुडघा टेकवून बसल्यासारखं. हात खांद्यापासून करंगळीपर्यंत गेला. दाढ. सायकल कशी थांबवली ते आठवत नाही. रस्त्याच्या कडेला बसलो होतो. सायकल बाजूला उभी होती, प्रफुल्लने धरलेली, हिरवी, स्वच्छ, तिच्यावर धूळसुद्धा नाही.

प्रफुल्लने फोन काढला. मी हात धरला. म्हणालो, शीलाला नको. तो म्हणाला, मग कोणाले. मी म्हणालो, कोणालेच नको. बसस्टॉपच्या शेडमध्ये बराच वेळ बसलो. मग जीपने परत.

घरी सांगितलं की चेन तुटली. शीलाने सायकलकडे बघितलं, चेनकडे बघितलं. मला पाणी दिलं. काही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

६ मार्च, गुरुवार.

शांत डोक्याने विचार केला. स्टील चूक नाही. स्टीलचीसुद्धा प्रत असते. मी घेतली ती नळी कदाचित अजून ताठ निघाली. वेल्डिंगच्या उष्णतेने ताठ होते असं एके ठिकाणी वाचलं.

टायटॅनियम राहिलं आहे. स्टीलसारखं लवतं, ॲल्युमिनियमसारखं हलकं, गंजत नाही, आयुष्यभर पुरतं. खरं तर सुरुवातीलाच तेच घ्यायला पाहिजे होतं. माणूस अर्धवट निर्णय घेतो आणि मग भोगतो.

उज्ज्वलाचे दिवसभरात बरेच फोन. उचलले नाहीत. प्रफुल्लने तिला सांगितलं वाटतं. ग्रुप सोडला मी.

वर जाताना आज जिन्यात खाली बसलो. तुळशीला किडा लागला आहे का बघत होतो. शीला वरच्या पायरीवर येऊन बसली. आम्ही दोघं तिथे बसून राहिलो. ती म्हणाली, उद्या यवतमाळले जाऊ. मी म्हणालो, होळी होऊ दे. ती म्हणाली, लखनभियानं पण पोळा होऊ दे म्हटलं होतं.

मी म्हणालो, होळीनंतर नक्की. शब्द दिला.

११ मार्च, मंगळवार. दुकान.

दुपार. बाहेर ऊन मी म्हणतं. खुर्चीत बसून टायटॅनियमवर एका माणसाचा व्हिडिओ बघत होतो. पंखा चालू. सायकल वर घरात. मी बसलेला. काही उचललं नाही, काही चढलो नाही, सकाळपासून फक्त बसलो आहे.

आणि छातीत तेच.

सोड्याची पुडी घेतली. पाच मिनिटं थांबलो. जात नाही. बसल्यावर जायला पाहिजे. नेहमी बसल्यावर जातं. घाम गार आहे. खुर्ची प्लास्टिकची, तिचा दणक्याशी

शटर अर्धं ओढून थोडं पडतो. उठल्यावर सविस्तर

१९ मार्च, बुधवार. नागपूर, हॉस्पिटल.

उज्ज्वलाने आज लिहायची परवानगी दिली. थोडंच.

मला जे सांगितलं ते असं. भरदुपारी शटर अर्धं दिसलं म्हणून शीला खाली आली. मी काउंटरच्या मागे, खताच्या गोण्यांना टेकून. तिने प्रफुल्लला फोन लावला. जिनिंगची गाडी घेऊन तो आला. दोघांनी उचललं. यवतमाळच्या दवाखान्यात उज्ज्वला दारातच उभी होती. तिथून त्याच संध्याकाळी ॲम्ब्युलन्समध्ये नागपूर. बापू आणि याडी एसटीने मागोमाग आले. तांड्यावर होळी पेटली तेव्हा ते दोघं इथल्या बाकावर बसून होते. याडी अजून माझ्याशी बोललेली नाही. येते, पायांवरची चादर सरळ करते, जाते.

डॉक्टर दिपाली म्हणून आहेत. तरुण आहेत, मोजकं बोलतात. हृदयाच्या नळीत जाळी टाकली. कशाची असते ते विचारणार होतो. विचारलं नाही.

त्यांनी सांगितलं की हृदयाचा एक भाग कामातून गेला. तो परत येणार नाही. उरलेल्यावर चालवायचं. लवकर आलो असतो तर तो वाचला असता, असं त्यांनी सरळ म्हटलं नाही. एवढंच विचारलं, त्रास कधीपासून होता. मी म्हणालो, त्याच दिवशी दुपारपासून.

मागून शीला म्हणाली, दिवाळीपासून. मग तिने एकेक सगळं सांगितलं. चढ, जिना, दाढ, गोणी. यवतमाळला जाऊन ईसीजी न काढता आलो तेही. सिमेंटचा रोडही. मला वाटत होतं तिला यातलं अर्धंही माहीत नाही. ती अशी सांगत होती जसं कोणी पाठ केलेलं म्हणतं. आवाज वाढवला नाही. डॉक्टर लिहून घेत होत्या. उज्ज्वला खिडकीकडे तोंड करून उभी होती.

मी डॉक्टरांना विचारलं, सायकल कधीपासून चालेल. त्या म्हणाल्या, आज बाथरूमपर्यंत चालून बघू.

गेलो. शीलाने दंड धरला होता. वॉर्ड लांब नाही, लादी गुळगुळीत. अर्ध्या वाटेत थांबावं लागलं. शीला थांबली. काहून थांबले असं तिने विचारलं नाही.

मीही काही कारण सांगितलं नाही.